सीडीच्या ट्रेमधल्या अक्षता

बाबा लीड्सला कायमचे राहायला आले ते परतीचं तिकीट खिशात घेऊन. कायम राहायची परवानगी पासपोर्टवर चिकटलेली होती. त्यासाठी मी आणि नवऱ्यानं वर्षभर कागद गोळा केले होते, वकिलाचे उंबरे झिजवले होते. आणि विमानतळावर बॅगा ट्रॉलीवर चढवता चढवता बाबा म्हणाले, "तिकीट नोव्हेंबरअखेरचं आहे हं. तोपर्यंत बघू कसं जमतंय."

मला तिथेच भांडायचं होतं. पण आई जाऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. सांगलीच्या घरात ते एकटेच सकाळचा भात संध्याकाळी फोडणी घालून खायचे आणि फोनवर मला "भरपूर जेवलो" म्हणून सांगायचे. मी एकुलती एक. मुलगा असता तर त्यांनी परतीचं तिकीट काढलंच नसतं. मुलीकडे चार दिवस पाहुणा म्हणून जावं, पाचव्या दिवशी चपला पायात घालाव्यात, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. तसे बाबा सुधारक. हुंडा घेतलेल्या लग्नाचं जेवण न जेवणारे. पण सुधारणेची गाडी या एका स्टेशनावर थांबायची नाही.

त्यामुळे ते आमच्याकडे पाहुण्यासारखेच राहिले. चहाचा कप प्यायल्याबरोबर धुऊन पालथा घालायचे. हीटिंग लावायच्या आधी मला कामावर, हॉस्पिटलच्या फार्मसीत, फोन करून विचारायचे, "अर्धा तास लावलं तर चालेल का?" सोफ्याच्या कडेला बसायचे. भाजी कशीही झाली तरी छान झालीय म्हणायचे. मी चिडायचे, मग चिडल्याबद्दल वाईट वाटून घ्यायचे, आणि कॅलेंडरवरचा नोव्हेंबर बघायचे. त्यांना इथे ठेवून घ्यायचं एवढं एकच मला त्या वर्षी हवं होतं.

गाणं हा त्यातल्या त्यात आशेचा मार्ग होता. आई गेल्यापासून त्यांना घरातली शांतता सोसवत नव्हती. सांगलीहून येताना कपडे कमी आणि नाट्यसंगीताच्या सीड्या जास्त असं सामान त्यांनी आणलं होतं. आमच्याकडे एक जुनी म्युझिक सिस्टीम होती. मी विद्यार्थिनी असताना घरमालकिणीकडून घेतलेली, तीही तिनं दहा वर्षं वापरल्यावर. ॲम्प्लिफायर वेगळा, सीडी प्लेअर वेगळा, स्पीकर खऱ्या लाकडाच्या पेट्यांतले. घर बदलताना ते सगळं हलवायला दोन माणसं लागायची. बाबांनी आल्या दिवशीच ॲम्प्लिफायर दोन्ही हातांनी बोटभर उचलून पाहिला आणि म्हणाले, "माल आहे."

हे त्यांचं नेहमीचं. बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पस्तीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासले, पारड्याखाली चिकटवलेली चिंच नखानं खरवडून काढली, आणि त्या दुकानदारांकडचा चहासुद्धा घेतला नाही. कुठलीही वस्तू चांगली की वाईट हे ते आधी हातात तोलून ठरवायचे. आमच्या लग्नात जावयालाही असंच तोललं असावं असा मला संशय आहे.

ऑगस्टमध्ये त्या जुन्या प्लेअरनं मान टाकली. आमच्या रस्त्याच्या टोकाला रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्याचं दुकान असायचं, तिथे जाऊन बघितलं तर आता मोबाइलची कव्हरं विकत होते. दुसऱ्या एकानं फोनवर सांगितलं की नुसतं उघडून बघायचे साठ पौंड पडतील, त्यापेक्षा नवीन घ्या. मग शनिवारी आम्ही तिघं रिंगरोडवरच्या एका भल्यामोठ्या दुकानात गेलो.

काय सांगू! पूर्वी अशा दुकानात ओळीनं ॲम्प्लिफायर मांडलेले असायचे, बटण फिरवलं की हाताला कळायचं. आता भिंतभर चकचकीत पांढरी खेळणी, डोक्यात आयपॉड खोचायचे. त्यातून गाणं लावून बघितलं तर गाणारा बादलीत तोंड घालून गातोय असं वाटत होतं. किमती मात्र वाचवत नव्हत्या. बाबांनी एका स्पीकरवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि हळूच म्हणाले, "बडा घर, पोकळ वासा." मग त्यांनी खोका उचलला आणि इतका सहज उचलला गेला की आत काही नाही असं वाटून तो हलवून पाहिला.

"नको गं," बाबा म्हणाले. "माझ्यासाठी एवढा खर्च नको. माझा छोटा रेडिओ आहे."

ते 'माझ्यासाठी' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. तिथल्या तिथे सगळ्यात महाग सिस्टीम मी उचलली, दोनशे नव्याण्णव पौंडांची. नवऱ्यानं तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. संसार टिकतो तो असा.

घरी आल्यावर बाबांनी बाथरूममधला वजनकाटा बैठकीत आणला. आधी जुनी सिस्टीम त्यावर ठेवली, मग नवी. काटा स्टोन नावाच्या इंग्रजी मापात वजन दाखवायचा, त्याचा त्यांना फार राग. दगडानं वजन करणाऱ्यांना आम्ही दंड करायचो, म्हणाले. मग डोक्यातल्या डोक्यात हिशेब करून त्यांनी निकाल दिला. जुनी सतरा किलो, नवी साडेचार. "दाम दुप्पट आणि माल पावपट," बाबा म्हणाले. "आमच्या खात्यात याला गुन्हा म्हणत." बऱ्याच दिवसांनी त्यांना असं रंगात आलेलं बघत होते मी, त्यामुळे दोनशे नव्याण्णव पौंड तेवढ्यानंच वसूल झाले असं मला वाटलं.

आणि खोटं कशाला सांगू, सिस्टीम वाजली. बादलीत तोंड घालून का होईना, गाणारे गायले. बाबा सकाळी पोहे खाताना गाणं लावायचे, दुपारी लावायचे, मी कामावरून आले की दार उघडायच्या आधीच तबला ऐकू यायचा. नवरा नागपूरचा, हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर वाढलेला, तोही अंघोळीला गेला की नाटकातल्या ताना मारायला लागला. बाबा सोफ्याच्या कडेवरून मध्ये सरकले. सप्टेंबरमध्ये त्यांनी लायब्ररीचं कार्ड काढलं. ज्याला नोव्हेंबरात जायचंय तो कशाला कार्ड काढेल, असं मी नवऱ्याला रोज विचारत होते.

दसरा आला तो कामाच्या दिवशी. मी संध्याकाळी घरी आले तर इस्त्रीवर हळदकुंकू, मिक्सरवर हळदकुंकू, व्हॅक्यूम क्लीनरच्या सोंडेवर झेंडूचं फूल, लॅपटॉपच्या पाठीवर बोटानं काढलेलं स्वस्तिक. शेजारणीच्या कुंडीतली फुलं बाबा रीतसर विचारून घेऊन आले होते. दसऱ्याला घरातल्या हत्यारा-अवजारांची, यंत्रांची पूजा आम्ही सांगलीला दरवर्षी करायचो, बाबांच्या शिक्क्यांच्या पेटीपासून माझ्या सायकलपर्यंत. लीड्सला आल्यावर मी ती कधीच केली नव्हती. माझे डोळे भरून आले, आणि ते दिसू नये म्हणून मी लॅपटॉपवरून उगाच कुरकुर केली.

चार दिवसांनी सिस्टीम बंद पडली. रेडिओ लागायचा, पण सीडी घातली की काचेवर इंग्रजीत यायचं, डिस्क नाही. दुसरी घातली, डिस्क नाही. नवी कोरी आणून घातली तरी तेच.

"दोन महिने!" मी म्हणाले. "दोन महिने टिकली ही!"

"जाऊ दे ना," बाबा म्हणाले. "रेडिओ लागतोय. रेडिओ ऐकीन मी."

"का म्हणून? तीनशे पौंड मोजलेत."

"उगाच दुकानात वाद नको. परका देश."

मला वाटलं, पुन्हा पाहुणेपणा. पस्तीस वर्षं दुकानदारांना घाम फोडलेला माणूस माझ्या घरी येऊन इतका मऊ झाला याचं मला असं काही लागलं की दुकानाचा राग दुप्पट झाला. शनिवारी सिस्टीम खोक्यात घातली आणि बाबांनाही बरोबर घेतलं. ते नको नको म्हणत होते. मी म्हटलं, बघा तरी तुमची लेक कशी भांडते.

तक्रारीच्या काउंटरवर माझ्याच वयाची एक बाई होती, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. मी सुरू झाले. जुनी यंत्रं कशी वीस वीस वर्षं चालायची, आता कसा कचरा विकता, भाव कसे वाढवता आणि माल कसा उतरवता, लाज कशी वाटत नाही. मागे रांग लागली होती. रांगेतल्या एक-दोघांनी माना डोलावल्या, त्यामुळे मला आणखीच चेव आला. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एक फॉर्म पुढे ओढून, इथे कुणालाही लावतात तसं 'लव्ह' लावून विचारलं.

"काही सांडलं होतं का, लव्ह? आत काही गेलं होतं का?"

"मुळीच नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे लहान मूल नाही, कुत्रं नाही. माझे वडील सरकारी इन्स्पेक्टर होते. ते यंत्राला हात धुऊन हात लावतात."

बाईनं बाबांकडे बघितलं. बाबा वॉशिंग मशीनच्या रांगेकडे बघत होते. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण तेव्हा माझ्या ते डोक्यातसुद्धा आलं नाही. इंजिनियरकडे पाठवतो, तीन-चार आठवडे लागतील, आणि दोष तुमचा निघाला तर वॉरंटी मिळणार नाही, असं सांगून तिनं माझी सही घेतली.

गाडी पार्किंगमधून बाहेर काढली आणि बाबा म्हणाले, "आत अक्षता आहेत."

"कुठे?"

"त्या सीडीच्या ट्रेमध्ये. दसऱ्याला मी बटण दाबलं. ट्रे पुढे आला. अगदी ताटासारखा समोर आला गं तो. मी त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, नमस्कार केला. डोळे उघडले तर तो सगळं घेऊन आत गेलेला."

पुन्हा बटण दाबलं तर ट्रे रिकामा बाहेर आला होता. म्हणजे अक्षता आत कुठेतरी सांडल्या होत्या. चार दिवस सिस्टीम वाजली म्हणून त्यांना वाटलं निभावलं. मग बंद पडली, आणि सांगायचा धीर होईना.

आता हे आठवलं की हसू आवरत नाही. तेव्हा उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्माचा दोष. मी गाडी चालवता चालवता ओरडले, "अहो बाबा, मग दुकानात जायच्या आधी तोंडातून शब्द काढायचा नाही का? तिथे माझी शोभा केलीत! कशाला हात लावायचा मुळात, कळत नाही तर?"

घरी येऊन बाबांनी चहा घेतला, कप धुऊन पालथा घातला, आणि नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, माझं तिकीट दिवाळीच्या आधीचं करून मिळेल का, जरा बघता?"

मी त्याच संध्याकाळी माफी मागितली. त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून रडले. ते म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. पाहुण्यानं लोकांच्या वस्तूंना हात लावू नये." लोकांच्या! मला कुणी थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनियरला पत्र लिहिलं. दोन पानी, खात्याच्या इंग्रजीत. खाली सही करणारा मी, निवृत्त निरीक्षक, असं निवेदन करतो की अमुक सणाच्या दिवशी सदर यंत्राच्या ट्रेवर अंदाजे दहा तांदळाचे दाणे व चिमूटभर कुंकू धार्मिक हेतूनं ठेवले. माझ्या मुलीनं दिलेली माहिती चुकीची असली तरी ती अजाणतेपणी दिलेली आहे. सबब दोष सर्वस्वी माझा. मी म्हटलं, बाबा, हे हात दाखवून अवलक्षण आहे, आता वॉरंटी गेलीच समजा. ते म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांची चिंच खरवडली मी." नवऱ्यानं पत्र टपालात टाकलं. तिकिटाचं मात्र त्याच्याच्यानं काही होईना. एअरलाइनचा फोन लागत नाही, लागला तर सीट नाही, असं तो रोज नव्यानं सांगायचा. त्यानं फोन केलाच नव्हता हे मला फार पुढे कळलं.

दिवाळी झाली, म्हणजे दिव्यांपुरती झाली. घरात गाणं नव्हतं. बाबा रेडिओही लावत नव्हते, कशालाच हात लावत नव्हते. लायब्ररीचं पुस्तक मुदतीआधी परत करून आले. त्यांची एक बॅग पलंगाखालून निघून भिंतीशी उभी राहिली. मी फार्मसीत गोळ्या मोजताना चुकायला लागले.

नोव्हेंबरच्या मध्याला, माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी फोन आला. नवराही घरून काम करत होता. दुरुस्तीच्या वर्कशॉपमधला इंजिनियर, यॉर्कशरचा, आवाजावरून साठीचा. त्याला पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांशी बोलायचं होतं. मी स्पीकर चालू केला आणि बाबांना हाक मारली. ते आले आणि फोनपुढे उभेच राहिले, साहेबासमोर राहावं तसे.

तो म्हणाला, चाळीस वर्षांत मला गिऱ्हाइकानं स्वतःविरुद्ध लिहिलेलं हे पहिलं पत्र. मग म्हणाला, तांदूळ सापडले. नऊ दाणे. तळाला पडलेले, कशालाही लागलेले नाहीत, त्यांनी काहीएक बिघडलं नाही. बिघडलंय ते ट्रे आतबाहेर करणारं दातेरी चाक. नखाएवढं, पातळ प्लास्टिकचं. त्याला तडा गेला, म्हणून सीडी जागेवर बसत नाही. याच मॉडेलचे सहा नग आत्ता माझ्या टेबलावर आहेत, त्यांत कुणीही तांदूळ घातलेले नाहीत. तुम्ही हात लावला नसता तरी ती बंद पडलीच असती. दुरुस्ती फुकट होईल.

"पूर्वीची चाकं कशी असायची?" बाबांनी इंग्रजीत विचारलं.

"जाड, सर. या चाकापेक्षा तुमचा तांदूळ पक्का आहे."

माझा जीव भांड्यात पडला. मी खुर्ची ओढून बसले. बाबा मात्र फोन ठेवायला तयार नव्हते. जुन्या ॲम्प्लिफायरचं वजन त्याला सांगितलं, त्याच्या लहानपणीच्या व्हॉल्व्हच्या रेडिओची सगळी कहाणी ऐकून घेतली, आणि पंधरा मिनिटांनी फोन ठेवून पुसायचं काही नसताना हातरुमालानं चेहरा पुसला.

"बघा!" मी उठले. "मी म्हणत नव्हते, माल भिकार आहे म्हणून? आता जाते त्या काउंटरवरच्या बाईकडे आणि चांगली सुनावते."

"खबरदार!" बाबा ओरडले.

सांगलीला हा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. लीड्सला आल्यापासून मी तो एकदाही ऐकला नव्हता.

"खबरदार तिथे जाऊन काही बोललीस तर! त्या बाईनं बनवलंय का ते चाक? तुला माहीत होतं काय बिघडलंय ते? मला माहीत होतं? चार लोकांत तिचा अपमान केलास. उद्याच्या उद्या जायचं आणि माफी मागायची. मी येतो बरोबर, बघतो कशी मागत नाहीस ते. आणि ते बूट! बाहेरचे बूट घालून बैठकीत फिरतेस, पहिल्या दिवसापासून बघतोय मी. तेलाची बाटली गॅसला चिकटवून ठेवतेस, एक दिवस घर पेटवशील. भाजीत मीठ म्हणून नसतं. आणि जावयाला रोज डब्यात ते गारढोण सँडविच! तुझ्या आईनं बघितलं असतं तर..."

नवरा लॅपटॉप सोडून दारात येऊन उभा होता. बाबा श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात त्यानं हळूच विचारलं, "बाबा, मग तुमच्या त्या तिकिटाचं..."

"तिकिटाचं काय घेऊन बसलात? रद्द करा ते! आणि मध्ये बोलू नका, हिला आधी सरळ करू द्या मला."

मी खाली मान घालून बूट काढत होते. मला इतकं, इतकं बरं वाटत होतं.